हाडे, नंबर सतरा

नुसत्या आवाजावरून माणूस ओळखणं हा आवाजकाकांच्या डाव्या हाताचा मळ होता. डाव्याच! कारण उजवा हात गेले आठ महिने संपावर होता.

तुम्हाला थाप वाटेल, पण जिन्यात पाऊल वाजलं की काका पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे, "शेजारच्या वहिनी. डाव्या चपलेचा पट्टा तुटलाय. आणि घरात भांडण झालंय." दार उघडावं तर वहिनी उभ्या. एका हातात चप्पल, नाकाचा शेंडा लाल!

काकांचा धंदाच तो. सिनेमात नायक जिना चढतो तेव्हा जे बूट वाजतात ते नायकाचे नसतात, आपल्या काकांचे असतात. स्टुडिओच्या तळघरात पडद्यासमोर उभं राहायचं आणि पडद्यावर जे जे हलेल त्याचा आवाज काढायचा. नायिकेच्या झग्याची सळसळ म्हणजे काकांची जुनी छत्री. घोड्याच्या टापा म्हणजे काकांच्या करवंट्या. तीस वर्षं काका असेच कुणाच्या तरी वतीने चालत, पळत आणि पडत होते.

आणि भुतं! भुतांच्या बाबतीत काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. आठ महिन्यांपूर्वी एक सिनेमा आला होता. त्यात एक बाई आरशासमोर बसते आणि मान हळूहळू फिरवत पार पाठीकडे नेते. कट्... करकर... कट्! पहिला कट् म्हणजे अक्रोड. करकर म्हणजे चामड्याचं जुनं पाकीट पिळलेलं. आणि शेवटचा कट् म्हणजे वाळलेल्या काड्यांची मोळी, तीसुद्धा पाठीमागे धरून मोडायची. पुढे धरली तर माइकला काड्या ऐकू येतात. अंगाआड धरली की हाड ऐकू येतं! काकांनी डोळे मिटून, जीव खाऊन मोळी पिळली. कट्! काचेपलीकडून स्टुडिओच्या मालकांनी अंगठा दाखवला. थिएटरात म्हणे लोकांनी भीतीने शेजाऱ्याचे हात धरले, काहींनी तर ओळख नसताना! काकांनी त्या मोळीला लाल दोरा बांधला आणि तिला घरी शोकेसमध्ये मानाने बसवलं.

त्याच आठवड्यात घरात नवी उशी आली आणि काकांचा उजवा खांदा दुखायला लागला. खापर अर्थातच उशीवर फुटलं. मग पातळ उशी, मग जाड उशी, मग उशीच नको. खांदा काही ऐकेना. शेवटी हाडांचे डॉक्टरही करून झाले. त्यांनी फोटो काढला, "हाड शाबूत आहे" म्हणाले आणि सहा व्यायामांचा एक कागद दिला. काकूंनी तो फ्रिजवर चिकटवला. काका दिवसातून चारदा फ्रिज उघडायचे. त्यांच्या मते तोही व्यायामच होता.

असं सगळं सुखाने दुखत असताना मालकांनी त्यांना बोलावलं.

"काका, सोमवारी घोड्याचा सीन आहे. घोडा दरीवरून तीन उड्या मारतो. हात उचलतो का?"

"न उचलायला काय झालं?" काका म्हणाले आणि हात उचलला. तो कोपरापर्यंत आला, तिथे जरा विचारात पडला आणि परत खाली गेला.

मालकांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. "हे बघा, या संचात बारा हजार तयार आवाज आहेत. घोडे आहेत, पाऊस आहे, सगळं आहे. एक बोट दाबायचं. मला वाईट वाटतं हो काका. पण सोमवारी हात चालला नाही, तर यापुढे बोटानेच काम होईल."

काका घरी आले. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही." इतके हळू म्हणाले की काकूंच्या हातातलं भांडं थांबलं. तीस वर्षं दुसऱ्यांना आवाज देणाऱ्या माणसाला घशातून आवाज काढता येईना. हे काम गेलं तर काका करणार काय? त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं. साधी शिट्टीसुद्धा ते तोंडाने न वाजवता डब्याच्या झाकणाने वाजवायचे.

तेवढ्यात काकूंचा भाऊ टपकला. हा रंगारी. छतं रंगवून त्याचाही खांदा मध्यंतरी कामातून गेला होता.

"भाऊजी, सरळ मणक्यांच्या डॉक्टरकडे जा! कायरोप्रॅक्टर! मला पालथं झोपवलं, खांद्यावर हात ठेवला, कट्, करकर, कट्! उठलो तो थेट शिडीवर!"

"कशाला ते मोडून घेणं?" काकू म्हणाल्या. "आधी फ्रिजवरचा कागद करा की!"

"अगं ताई, कागदाने कधी खांदा बरा होतो का?"

"केला तर होतो!"

भाऊबहिणीचं जुंपलं. एक म्हणे जा, एक म्हणे जाऊ नका. शेवटी काकांनी डावा हात वर केला. "थांबा! भांडू नका. मी जातो, पण नुसता ऐकायला. बाहेर बसून ऐकीन. हाड जागेवर बसल्याचा आवाज वेगळा आणि हाड बिथरल्याचा वेगळा. खरा आवाज आला तर झोपीन, खोटा आला तर उठून येईन. माझे कान मला फसवणार नाहीत!"

झालं! शुक्रवारी दुपारी काका काकूंना न सांगता निघाले.

दवाखाना चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. लांबलचक बोळ, शेवटी एकच दार. काकांनी ते ढकललं आणि जागच्या जागी थबकले. दार वाजलंच नाही! बिजागरी नाही, कडी नाही, काही नाही. आयुष्यात काकांनी मुकं दार पाहिलं नव्हतं.

आत पाच खुर्च्या. खाली जाडजूड गालिचा. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता, पण टिकटिक नव्हती. कोपऱ्यात खुंटीला एक सांगाडा टांगलेला, आणि त्याचा जबडा दोऱ्याने घट्ट बांधलेला. तो का बांधलाय, हे विचारायचं धाडस काकांना झालं नाही. टेबलापलीकडच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, वहीत नाव लिहिलं आणि कुजबुजल्या, "तुमचा नंबर चार."

काका बसले. खुर्चीसुद्धा कुरकुरली नाही. त्यांना कानात कापूस घातल्यासारखं वाटायला लागलं.

"एक नंबर."

हे शब्द काकांच्या मानेमागून आले! काका ताडकन वळले. मागे पांढऱ्या कोटातला एक किडकिडीत माणूस उभा. हा आला कधी? गालिच्यावरून मांजर चाललं तरी काकांना कळायचं! आणि इथे साडेपाच फुटांचा माणूस पाठीशी येऊन उभा राहिला आणि पत्ता नाही! डॉक्टर मंद हसले आणि एका शाळामास्तरीण बाईंना घेऊन आत गेले. दार मिटलं. बिनआवाजाचं.

काकांनी कान टवकारले.

बराच वेळ काही नाही. मग, कट्.

करकर...

कट्!

आणि त्यामागोमाग, अगदी पुसट, एक पुरुषी आवाज विव्हळला, "आई गं..."

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आत गेल्या त्या बाई. डॉक्टरांचा आवाज बारीक. मग हा तिसरा कोण?

बाई बाहेर आल्या. चेहऱ्यावर हसू, मान ताठ. दोन नंबरचे आजोबा आत गेले. काका खुर्चीच्या कडेला सरकले. कट्. करकर... कट्! "आई गं..." तेच! तसंच! मधलं अंतरही तेवढंच! माणसामाणसाची हाडं वेगळी असतात हो. मास्तरीण बाईंचा आणि आजोबांचा खांदा एकाच तालात कसा वाजेल?

आजोबा बाहेर आले तेव्हा काकांनी त्यांची बाही धरली. "आत कोण विव्हळलं?"

"मी नाही," आजोबा कुजबुजले. "मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, दुखणं बाहेर पडताना बोलतं कधीकधी." आणि ते हसत हसत निघून गेले. पावलांचा आवाज नाही!

तीन नंबरला एक उंच पोस्टमन होता. तो आत गेला तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. ऐकायचं तर नीट ऐकू. कट्. करकर... कट्! "आई गं..."

आणि काकांना आवाज ओळखू आला.

नुसत्या आवाजावरून माणूस ओळखणं हा त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता ना? ओळखला! तो आवाज त्यांचा स्वतःचा होता.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मी इथे बाहेर बसलोय, मग आत कोण विव्हळतंय? की मी आत आहे आणि बाहेर बसलेला हा कोण? एवढ्यात त्यांना भयंकर शंका आली. मघापासून आपला आवाज कुणी ऐकलाय का? त्यांनी पाय आपटून पाहिला. आवाज नाही! दोन्ही पाय आपटले. नाही! (गालिचा होता हो खाली. पण त्या वेळी कुणाच्या लक्षात येतं?) काका टेबलापाशी गेले.

"बाई, मी दिसतो ना तुम्हाला?"

बाईंनी वर न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

काकांनी घरी फोन लावला. "अगं," ते कसेबसे म्हणाले, "मी घरी नाही ना?"

"म्हणजे?" काकू गोंधळल्या. "तुम्ही बाथरूममध्ये नाही?"

"बाथरूममध्ये?"

"अहो, अर्धा तास पाण्याचा आवाज येतोय. मी दोनदा हाका मारल्या, तुम्ही ओ देईनात. मला वाटलं, रुसलात. मग फोन कुठून करताय?"

काकांच्या हातातून फोन सुटला. तोही गालिच्यावर पडला, आवाज न करता. म्हणजे एक मी घरी आंघोळ करतोय, एक मी आत विव्हळतोय, मग इथे उरलंय काय? कोपऱ्यातला सांगाडा त्यांच्याकडे बघत होता. त्याचा उजवा खांदा किंचित खाली उतरलेला होता. अगदी काकांसारखा.

काकांनी दाराकडे धूम ठोकायला पाऊल उचललं, आणि दुखऱ्या खांद्यावर एक मऊ, गार हात पडला.

"चार नंबर," मानेमागून आवाज आला. "या."

पळावं तर सोमवार आडवा येत होता. करवंट्या, घोडा, मालकांचं ते एक बोट. काकांनी मनातल्या मनात काकूंची माफी मागितली आणि ते आत गेले.

खोलीत अर्धा अंधार. मधोमध अरुंद टेबल, डोक्याशी तोंडापुरतं भोक. काका पालथे झोपले आणि तोंड भोकात घातलं. आता जगात त्यांना एवढंच दिसत होतं. लाकडी फरशीचा तुकडा आणि त्यावर आलेले डॉक्टरांचे दोन पाय. पायांत जाड लोकरी मोजे. बूट नाहीत, चपला नाहीत. बघा, पावलांचं गूढ तर सुटलं! काकांना थोडा धीर आला. खांद्यावर गार बोटं फिरू लागली.

"श्वास सोडा."

काकांनी सोडला. आणि त्यांनी पाहिलं, डाव्या पायाचा मोजा अलगद सरकला, टेबलाखाली गेला. तिथे शिलाई मशीनला असावं तसं एक छोटं काळं पेडल होतं. मोज्याने ते दाबलं.

कट्! काकांच्या कानाखालीच वाजलं. करकर... कट्!

"आई गं..." टेबल म्हणालं.

"आई गं!" काकाही ओरडले आणि भोकातून तोंड काढून उठून बसले. "हा माझा आवाज आहे!"

"हो हो," डॉक्टर समजुतीच्या स्वरात म्हणाले. "तुमचंच दुखणं ते. बाहेर पडताना..."

"दुखणं गेलं खड्ड्यात! हा मी काढलेला आवाज आहे! आठ महिन्यांपूर्वी! आरशासमोरच्या भुताचा! पहिला कट् अक्रोड, करकर माझं पाकीट, आणि तिसरा..."

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. "तुम्ही ते आहात? हाडे, नंबर सतरा?"

मग बिचाऱ्यांनी सगळं ओकून टाकलं. त्यांचा हात हलका, ते हळुवार दाबून काम करायचे. पण खांदा वाजला नाही की लोक म्हणायचे, "काहीच केलं नाही!" आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. शेवटी त्यांनी बारा हजार तयार आवाजांचा संच आणला आणि सिनेमातून त्यात आलेला 'हाडे, नंबर सतरा' टेबलाखाली बसवला. बाकी कुठलाही आवाज मध्ये येऊ नये म्हणून गालिचा, मोजे, तेलपाणी दिलेली बिजागरी.

"आणि सांगाड्याचा जबडा?"

"वाऱ्याने वाजायचा हो." डॉक्टरांनी मान खाली घातली. "तुमचा आवाज लावल्यापासून लोक हसत बाहेर जातात. त्यातलं ते 'आई गं' तर इतकं अस्सल आहे! कसं काढलंत?"

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. खरंच, कसं काढलं? तिसरा कट् म्हणजे काड्यांची मोळी. मोळी शोकेसमध्ये. लाल दोरा बांधलेली. आणि... आणि अख्खी! तिच्यातली एकही काडी मोडलेली नव्हती!

मग त्या दिवशी मोडलं काय?

काकांनी हळूच उजव्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर," ते म्हणाले, "तिसरा कट् खरा होता."

डॉक्टरांनी आपले दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले. "मग या खांद्याला मी बोट लावणार नाही! आधी कुणाला दाखवलंत? काय म्हणाले?"

"हाड शाबूत आहे म्हणाले. सहा व्यायाम दिलेत. फ्रिजवर आहेत."

"मग ते खांद्यावर कधी येणार?" डॉक्टर म्हणाले. "त्यांना ही कट् ची हकिकत सांगा, पुन्हा तपासून घ्या, आणि कागद करायला लागा. रात्रीत काही होणार नाही. आठवडे लागतील."

घरी आले तर बाथरूमचा नळ काकांनीच सकाळी पाणी गेलेलं असताना उघडा ठेवलेला निघाला, पाणी दुपारी आलं होतं. काकूंनी आधी त्यावरून हजेरी घेतली, मग सगळी हकिकत ऐकली. "मोळी अख्खी आहे हे मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी रोज पुसते तिला. मला वाटलं, मोडायची राहिलीय म्हणून ठेवलीत."

मेहुण्याला मात्र काही केल्या पटेना. "संच असो नाहीतर काही असो, माझा खांदा तर बरा झाला ना तुमच्या कट् ने? मग तुमचाच कसा होत नाही?"

अख्ख्या गल्लीचे खांदे ज्या आवाजाने हसत बाहेर पडले, तो ज्या खांद्यातून निघाला होता तो एकटाच अजून ठणकत होता. काका मुकाट्याने फ्रिजसमोर उभे राहिले आणि त्यांनी पहिला व्यायाम केला. आठ महिन्यांत पहिल्यांदा, फ्रिज न उघडता.

पण आठवडे कुठले? मध्ये फक्त शनिवार आणि रविवार होते.

सोमवारी तळघरात पडदा लागला. दिग्दर्शिका बाई वही घेऊन बसल्या. काकांनी दोन्ही हातांत करवंट्या घेतल्या. डावी छान वाजली. उजवी कोपराशीच घुटमळली. घोडा लंगडायला लागला.

"बसा काका," मालक म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

मालकांनी बोट दाबलं. घोडे, नंबर एक. घोडा पळाला, पण पडद्यावरचा उडीत असताना संचातला टापा टाकत होता. नंबर दोन, नंबर नऊ, नंबर चाळीस. "हा घोडा हवेत चालतोय," बाई म्हणाल्या. "मला जिवंत घोडा हवा."

मालक चिडले. "त्यात काय मोठंसं आहे!" त्यांनी कोट काढला, करवंट्या उचलल्या आणि गुडघ्यांवर बसले. टपटप टपटप, आली पहिली दरी. उडी घेऊन घोडा जमिनीवर आदळतो तिथे वाळूची पिशवी दाणकन आपटायची असते. मालकांनी डाव्या हाताने पिशवी डोक्यावर फिरवली, आणि...

कट्!

कोपऱ्यातून, डोळे न उघडता, काका म्हणाले, "डावा खांदा. खरा."

"आई गं..." मालक म्हणाले.

पाच मिनिटं मालक फरशीवर बसून होते. मग कण्हत म्हणाले, "काका, तो मणक्यांचा डॉक्टर कसा आहे हो?"

"आवाज चांगला आहे," काका म्हणाले.

बाईंनी घड्याळ पाहिलं. काकांनी मालकांकडे पाहिलं. काकांचा डावा खांदा धड, मालकांचा उजवा. काका उठले, आधी मालकांच्या उजव्या अंगाला बसले, तिथे दोघांचे धड हात एकमेकांवर आपटले, मग उठून डाव्या अंगाला बसले आणि म्हणाले, "मी म्हणीन तेव्हा टाका. माझे पुढचे पाय, तुमचे मागचे."

आणि घोडा पळाला! दोन म्हातारे, दोन करवंट्या, खांद्याला खांदा लावून. मालक ताल चुकत होते, काका शिव्या देत होते, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मालक त्या निमूट ऐकून घेत होते. पहिली उडी! दुसरी! तिसरी! पिशवी काकांनी डोक्याने ढकलून पाडली. संपलं तेव्हा दोघेही घामाघूम होऊन फरशीवर आडवे झाले.

"कॉम्प्युटर वर नेऊन ठेवा," मालक छताकडे बघत म्हणाले. "इथे पाय ठेवायला जागा नाही."

काकांचं काम वाचलं होतं. त्यांना हसावं की रडावं कळेना, म्हणून ते नुसते मालकांचा उजवा हात धरून पडून राहिले.

दिग्दर्शिका बाईंनी कानाला यंत्र लावून सगळं पुन्हा ऐकलं. त्यांचा चेहरा फुलला. "वा! हा खरा घोडा! अगदी जिवंत!" मग त्या थांबल्या, थोडं मागे नेऊन पुन्हा ऐकलं आणि वळल्या.

"फक्त एवढं सांगा, तिसऱ्या उडीनंतर हा दोन आवाजांत 'आई गं' का म्हणतोय?"